विस्थापनाचे ‘अवयव’ पाडू नका

प्रश्न असा आहे: ‘शिकवणीत सर “विस्थापनाचे अवयव पाडा” म्हणतात, पुस्तकात “घटक” असतं. बरोबर काय? आणि क्ष-घटकाला कॉस आणि य-घटकाला साइनच का लागतो?’

घटक. ‘अवयव पाडा’ कानावर पडलं की माझी चिडचिड होते, कारण मराठी गणितात हा शब्द कधीच एका कामाला बांधला गेला आहे. अवयवांचा गुणाकार होतो: 12 चे अवयव 3 आणि 4. घटकांची बेरीज होते: पूर्वेकडचा घटक आणि उत्तरेकडचा घटक मिळवले की मूळ विस्थापन, म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतची दिशेसकट सरळ रेघ, परत हाती येतं. सदिशाचे (विस्थापनासारख्या दिशा असलेल्या राशीचे) अवयव पाडा म्हणणारा मुलाच्या डोक्यात बेरजेच्या जागी गुणाकार घालतो. विस्थापन आणि अंतर यांतला फरक कुठल्याही पुस्तकात सापडेल, तो इथे उगाळत नाही.

आता साइन. या शब्दाची गोष्ट कळली की प्रश्नाचा दुसरा भाग आपोआप सुटतो.

नववीच्या भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ शिकलात ना? तीच ही. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे चाप, म्हणजेच धनुष्य. त्याची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ ही दोरी. ग्रीकांनी अख्ख्या दोरीची कोष्टकं केली होती. आपल्याकडे अर्धीच दोरी घेतली, कारण अर्ध्या दोरीने काटकोन त्रिकोण थेट मिळतो. आर्यभटाच्या 499 सालच्या ग्रंथात 3438 त्रिज्या धरून 24 अर्धज्यांचं कोष्टक बसवलेलं आहे. पुढे ‘अर्ध’ गळून पडलं आणि नुसती ‘ज्या’ उरली. अरबांनी ‘जीवा’ हा शब्द उच्चारावरून ‘जीब’ असा उचलला. त्यांच्या लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं ‘जैब’ अशीही वाचता येतात, आणि ‘जैब’ म्हणजे अंगरख्याची गळ्याकडची घडी, छाती. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरांत याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द आला आणि त्याचा पुढे साइन झाला. हिंदीतला ‘जेब’ याच ‘जैब’चा. धनुष्याची दोरी खिशात शिरली आणि साइन होऊन बाहेर आली! व्युत्पत्तीत इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच शब्दाने दिलेला नाही.

‘सायनस म्हणजे वळण, आणि साइनचा आलेख वळणदार, म्हणून हे नाव’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. साफ चूक. नाव आधीचं आहे, तो आलेख कितीतरी नंतरचा.

कोटिज्येबद्दल, म्हणजे आपल्या कॉसबद्दल (कोसाइन), आणखी घोळ. कोटि म्हणजे धनुष्याचं टोक. माझं मत असं की टोक, शेवट हाच या शब्दाचा गाभा आहे. ‘पराकोटी’ आणि ‘उच्च कोटी’ तिथूनच आले, आणि शंभर लाखांची कोटीसुद्धा मोजणीचं वरचं टोक म्हणूनच. भुज, कोटि, कर्ण ही काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची नावं भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहेत. मात्र ‘कोटिज्यावरूनच इंग्रजांनी कोसाइन घेतला’ हे काही संस्कृतप्रेमी छातीठोकपणे सांगतात, ते मला मुळीच मान्य नाही. तो ‘को’ लॅटिनमधला, 90 अंशांतून कोन वजा करून उरणाऱ्या कोनाचा, म्हणजे कोटिकोनाचा. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 मध्ये तो वापरात आणला. दोन्हीकडे कल्पना कोटिकोनाचीच आहे, पण अक्षर जुळलं हा योगायोग. ज्या शब्दाकडे अस्सल गोष्ट आहे, त्याला खोटी गोष्ट कशाला चिकटवायची?

तर ज्या म्हणजे दोरी, आणि दोरी नेहमी कोनाच्या समोर ताणलेली असते. क्ष-अक्ष, य-अक्ष यांच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. कोनासमोरच्या घटकाला साइन, कोनालगतच्या घटकाला कॉस. ‘क्ष म्हणजे कॉस’ हे पाठांतर कोन क्ष-अक्षापासून मोजलेला असेल तेव्हाच खरं ठरतं.

करून बघा. कोणी उत्तरेपासून पूर्वेकडे 30 अंशाच्या दिशेने 10 किमी गेला आणि मग थेट पश्चिमेला 6 किमी. कोन उत्तरेला चिकटलेला आहे, म्हणजे पूर्वेकडचा घटक त्याच्या समोर: 10 साइन 30 = 5. उत्तरेकडचा लगतचा: 10 कॉस 30 = 8.66. पश्चिमेचे 6 वजा केले की पूर्वेकडे उणे 1, म्हणजे पश्चिमेला 1 किमी. एकूण विस्थापन 76 चं वर्गमूळ, सुमारे 8.72 किमी, उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण 6.6 अंश. कापलेलं अंतर मात्र 16 किमी.

पाठांतरवाला पूर्वेला 8.66 आणि उत्तरेला 5 धरतो. 6 वजा जाता त्याचे पूर्वेला 2.66 उरतात, उत्तर येतं 5.66 किमी, आणि तेही ईशान्येकडच्या चतुर्थांशात! माणूस वायव्येला उभा आहे.

जाता जाता लेखनाचं. एकटा शब्द ‘कोटी’ दीर्घ, पण ‘कोटिज्या’त टि ऱ्हस्व, ‘बुद्धी’ आणि ‘बुद्धिमत्ता’ यांच्यासारखंच. ‘कोटीज्या’ लिहू नका.