आधी समोरच्याचा नकाशा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भारत-नेपाळ सीमेवरच्या कालापानी या वादातल्या भागावर निबंध लिहायला घेतलास, नेपाळी वर्गमित्राने त्याच्या बाजूचे नकाशे पाठवले आणि आता आपण देशाची बाजू सोडतोय की काय, या विचाराने तुला झोप नाही. बाजूचं नंतर बघू. आधी समोरच्याचा नकाशा नीट वाच.

इंग्रजांशी झालेल्या 1816 च्या सुगौली तहात नेपाळने काली नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, म्हणजे नदीच सीमा झाली. तहाला नकाशा जोडलेला नाही आणि नदीचा उगम कुठला, हेही त्यात लिहिलेलं नाही. गुंजीपाशी दोन प्रवाह मिळतात. लिंपियाधुराकडून येणारी कुटी यांगती मोठी. तीच खरी काली, असं नेपाळ म्हणतो आणि 1827 व 1856 चे इंग्रजांचे नकाशे पुढे करतो. ते बघून तू दचकलीस, हे मला आवडलं. तिथेच थांबलीस, याचा मात्र राग आला! अगं, 1817 सालीच नेपाळने याच मुद्द्यावर कुटी आणि नाबी ही गावं मागितली होती. तिंकर आणि छांगरू ही दुसरी दोन गावं देणाऱ्या इंग्रजांनी ती दिली नाहीत. कालापानीकडून येणारा लहान प्रवाहच पूर्वापार मुख्य मानला जातो, असं त्यांचं म्हणणं. हे मित्राला दाखवलंस का? त्यालाही समोरच्याचा कागद वाचू दे की.

1954 च्या भारत-चीन करारात यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांच्या वाटांमध्ये कालापानीजवळच्या लिपुलेख खिंडीचं नाव आहे, हा आपल्या बाजूचा पुरावा. नेपाळ त्या करारात नव्हताच, म्हणून काठमांडूला तो पुरावा पटत नाही. दोन्ही वाक्यं निबंधात हवीत, एकाला लागून एक. मे 2020 मध्ये लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. त्याच महिन्यात नेपाळने हा भाग आपल्यात दाखवणारा नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून तो राष्ट्रचिन्हात घातला. राष्ट्रचिन्हातली रेघ मागे घेणं कोणत्या सरकारला सोपं जाईल, सांग.

मला लोक कायम ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणत आले. एका संपादकाने लेख परत करताना ‘तुम्ही नक्की कुणाचे?’ असं विचारलं होतं. मी भारताचाच. म्हणून तर समोरचा काय म्हणतो ते आधी वाचतो. आपल्या दाव्याला कुठे धक्का बसू शकतो, हे मला परक्याकडून कळायला नको. या हट्टापायी जवळची दोन माणसं दुरावली, ती अजून आठवतात. तरी त्या लेखातला नेपाळच्या नकाशांचा परिच्छेद मी आजही गाळणार नाही.

मसुदा पाठव. 1817 चा नकार आणि 1827 चा नकाशा एकाच पानावर दिसले नाहीत, तर न वाचता परत करीन.