वाचकांचे प्रश्न: देवगिरीचा किल्ला मॅपवर टेकाड का होतो?

प्रश्न: दादा, मी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. एज ऑफ एम्पायर्स टू डेफिनिटिव्ह एडिशन या गेममध्ये देवगिरीचा सीनारिओ करायला घेतलाय, १२९६ चा, अल्लाउद्दीन खिलजी चालून येतो तो. उंचीचा डेटा नेटवरून उतरवला, पायथनने मॅपमध्ये भरला, सगळं एकदम खरं खरं, तरी किल्ला म्हणजे नुसतं टेकाड दिसतंय आणि घोडेस्वार पळत पळत वर चढतायत. कुठं गंडलंय?

उत्तर: गंडलं काही नाही, डेटावर जरा जास्तच भरवसा ठेवलायस. तू बहुतेक एसआरटीएम घेतला असशील. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने ११ दिवसांच्या फेरीत रडारने मोजलेल्या उंच्या आहेत त्या. फुकट मिळतात, कामाच्या आहेत, पण त्यात जमिनीचा एक ठिपका साधारण ३० मीटरचा. आता देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आणि त्याचा खालचा भाग तासून पन्नासेक मीटरचे उभे कडे केलेले. उभ्या कड्याला वरून बघितलं तर रुंदीच नसते, मग ३० मीटरच्या ठिपक्यात तो सापडणार कसा, तो शेजारच्या ठिपक्यात मिसळतो आणि त्याचा उतार होऊन बसतो. आणि किल्ला म्हणजे तर तो कडाच आहे ना भाऊ, तोच गेला तर राहिलं काय!

वरून गेमची स्वतःची भानगड आहेच. एज टू मध्ये मॅप टाइल्सचा, म्हणजे छोट्या चौकटींचा असतो, आणि शेजारच्या दोन टाइल्सच्या उंचीत एकाच पायरीचा फरक चालतो, एडिटरमध्ये जास्त द्यायला गेलास की तो आजूबाजूची जमीन आपोआप उचलून छान उतार करून देतो, म्हणजे उंचीच्या ब्रशने कडा कधीच व्हायचा नाही. त्यासाठी क्लिफ वेगळे ठेवावे लागतात. तर डोंगराचा आकार हातानेच कर, चार-पाच पायऱ्या पुरे, आणि पायथ्याभोवती क्लिफचं कडं घाल, पूर्ण बंद. त्याच्या बाहेर पाण्याचा खंदक. आत जायला एकच जागा ठेव, एका टाइलची, कारण खऱ्या किल्ल्यातही खंदकावरून एकच अरुंद वाट आहे आणि पुढे अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी रस्ता, लागते. अंधारी मॅपवर खोदता येत नाही, गेममध्ये जमिनीखाली काही नसतंच, म्हणून ट्रिगर, म्हणजे 'असं झालं की तसं कर' असा नियम, लाव की तुकडी या तोंडाशी आली की गायब होते आणि थोड्या वेळाने वरच्या तोंडाशी निघते. मधल्या वेळात तिच्यातले दोन-चार शिपाई कमी केलेस तर अजून मजा.

वरच्या माणसाला गेम फायदा देतोच, उंचावरून मारलं तर २५ टक्के जास्त मार बसतो आणि खालून वर मारलं तर २५ टक्के कमी, त्यामुळे तिरंदाज वर बसवलेस की काम झालं. पण मग गड पडणार कसा, हा प्रश्न तुला पडायला पाहिजे. १२९६ ला कुणी कडा चढून गड घेतला नव्हता. देवगिरीचा राजा रामदेवराय, त्याची मोठी फौज मुलासोबत बाहेर होती, गडावर रसद नव्हती, धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात. म्हणून माथ्यावर शेत करायला जागाच ठेवू नको, सगळी काळी जमीन खाली, भिंतीच्या बाहेर. खेळणाऱ्याने आपणहून ठरवलं पाहिजे की कडा चढायचा नाही, खालची शेतं धरायची. असं झालं तर तुझा मॅप देवगिरीचा, भले डोंगर दोन टाइल्स इकडे तिकडे असो. आणि हो, चांद मिनार उडव, तो पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. मेंढा तोफ तर त्याहून पुढची. लोक हौसेने दोन्ही ठेवतात आणि खाली १२९६ लिहितात, वाचून डोकं फिरतं.

प्रश्न: आम्ही गेवराईकडचे, राक्षसभुवनची लढाई करतोय, सॅटेलाइट फोटोवरून गोदावरी जशीच्या तशी काढली. पण नदी फारच लेचीपेची वाटतीय, कुठूनही पार होतंय सगळं सैन्य.

उत्तर: होणारच की, तुम्ही आजची गोदावरी काढलीय. तुमच्या वरच्या अंगाला पैठणला जायकवाडी धरण आहे, १९७६ पासून पाणी तिथं अडतं, त्यामुळे खाली वर्षातला बराच काळ वाळू आणि डबकी. लढाई झाली १० ऑगस्ट १७६३ ला, ऐन पावसाळ्यात, धरणाच्या दोनशे वर्षं आधी. निजामअली स्वतः बरीचशी फौज घेऊन पलीकडच्या काठाला गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसकट अलीकडे राहिलेला, आणि नदी फुगलेली. मराठ्यांनी अलीकडच्यांना गाठलं, विठ्ठल सुंदर पडला, निजाम पलीकडून बघत राहिला, मदतीला येताच येईना. ही लढाई अर्धी नदीनेच जिंकून दिलीय राव.

म्हणून पात्र फोटोत आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, बिनधास्त. उथळ पाण्याच्या टाइल्स एकपण ठेवू नका. निजामाच्या बाजूचं सैन्य गेम सुरू होतानाच दोन काठांवर तोडून ठेवा आणि पलीकडून यायला दोन-तीन नावा द्या, बस्स, म्हणजे तो खेळणारा मदत पाठवेल पण चिमूटचिमूट. नदीचं वळण नकाशाबरहुकूम आलं नाही तरी चालेल, वळणामुळे त्या दिवशी काही अडलं नव्हतं. गावं मात्र काठापासून जरा उंचावर बसवा.

अजून एक, कुणी पैठणच्या वरचा भाग करत असेल तर डेटात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, सपाट थाळीसारखा येतो, कारण मोजलं तेव्हा तिथं धरण होतंच. जुन्या काळाचा मॅप असेल तर तो बुजवून तिथून नदीचं पात्र हाताने ओढावं लागतं.

प्रश्न: सिव्हिलायझेशन या गेममध्ये अख्खा मराठवाडा करायचाय, आठही जिल्हे. बालाघाटला माउंटन दिलं तर बीड आणि लातूरचा संबंधच तुटतोय. परळी.

उत्तर: परळीचे असून बालाघाटला माउंटन? अंबाजोगाईला एसटीने जाता ना, घाट चढला की वर सपाट, शेतं लागतात, कुठं शिखर दिसतं का? तो एका बाजूने चढ असलेला पठाराचा काठ आहे. सिव्हिलायझेशनमध्ये माउंटन म्हणजे बंद दार. हिल्स द्या, काठाकाठाने एकच ओळ, आणि त्याच्या दक्षिणेला परत सपाट, त्यातून मांजरा काढा. वैजापूर ते किनवट साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातंय, या गेमचा मॅप षटकोनी घरांचा, ७० षटकोन आडवे घेतले तर एक षटकोन पाचेक किलोमीटरचा, एवढ्यात देवगिरीसुद्धा दिसत नाही, तिथं फक्त शहर ठेवायचं. पावसाळी मोहीम दाखवायची असेल तर गोदाकाठच्या काळ्या रानात अधूनमधून मार्श, म्हणजे दलदल, टाका. आपल्या मातीत आषाढात बैलगाडीचं चाक निम्मं आत जातं, तोफेचं काय होत असेल! मार्शमध्ये चाल जास्त खर्ची पडते, तो हिशोब बरोबर बसतो. अख्ख्या नदीकाठाला नको पण, नाहीतर सुंदरबन होईल.

प्रश्न: लॅपटॉप जुना आहे, पैसे नाहीत. झिरो एडी या फुकट गेममध्ये हाइटमॅप, म्हणजे उंचीचं करडं चित्र, टाकला तर सगळा धाराशिव जिल्हा सपाट येतोय. फाइल खराब आहे का?

उत्तर: फाइल ठीक असणार, रंग ताणायचे राहिलेत. आठ बिटच्या करड्या चित्रात २५६ छटा असतात. तू ० ते ९००० मीटर अशी रेंज ठेवून चित्र काढलंस तर एक छटा ३५ मीटरला पडते, आणि तुझ्या तुकड्यात सगळा चढउतार दोनशे मीटरचा असला तर सहा छटांत खेळ खल्लास, सपाटच दिसणार. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघड, फुकट आहे, आधी हवा तेवढाच चौकोनी तुकडा काप, मग कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची त्या तुकड्याचीच दे आणि चित्र परत काढ. अ‍ॅटलासमध्ये म्हणजे झिरो एडीच्या मॅप एडिटरमध्ये, ते इम्पोर्ट केल्यावर आता उलटं होईल, नळदुर्गसुद्धा हिमालय वाटेल, तेव्हा एडिटरमध्ये उंची थोडी खाली आण आणि पायऱ्या पायऱ्या दिसतील तिथं स्मूथचा ब्रश फिरव. बोरी नदीची घळ मात्र स्मूथ करू नको.