देश बदलताना आठवड्याचं पान

तुम्ही विचारलंय की दर आठवड्याला मित्रमंडळींसाठी एक पान लिहिता. त्यात रोजच्या जगण्यातलं काहीबाही असतं, मनाला उभारी देणारं एखादं टिपण, एक गाणं, चालू बातम्यांवर चार ओळी. आता परदेशी जायचं ठरतंय, देश अजून पक्का नाही. तर हे पान तिकडे टिकेल का, की नुसतं आठवणींचं गाठोडं होऊन बसेल? मला देश सोडून बरीच वर्षं झाली आणि मीही असंच पान लिहिते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

पान टिकतं. माझ्या मते परदेशात त्याची गरज वाढतेच. फक्त ते कशाबद्दल लिहायचं हे बदलावं लागतं: जिथे राहताय तिथलं लिहायचं. जी जागा सोडून आलात तिच्याबद्दल तुमच्या वाचकांना आता तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार, कारण ते तिथेच राहतात. त्यांना तुमची हुरहुर एकदा-दोनदा वाचायला आवडेल. पण त्यांच्याकडे जे अजिबात नाही ते म्हणजे तुमच्या खिडकीबाहेरचं रोजचं जग. ते तुम्हीच देऊ शकता.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अ‍ॅलिस्टर कुक हे पत्रकार. जन्म इंग्लंडमधला, १९४१ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, आणि मार्च १९४६ पासून बीबीसी रेडिओवर दर आठवड्याला साधारण पाव तासाचं एक बोलकं पत्र वाचू लागले. ठरलं होतं १३ आठवड्यांसाठी. ते चाललं फेब्रुवारी २००४ पर्यंत, २,८६९ भाग. राष्ट्राध्यक्ष आणि निवडणुका त्यात होत्याच, पण पानगळ, गोल्फ, जॅझ हेही तेवढ्याच आस्थेने येई. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कुक तिथेच होते, आणि त्या आठवड्याच्या पत्रात त्यांनी आपण काय पाहिलं आणि काय ऐकलं तेच सांगितलं. मला यातून मिळालेला धडा साधा आहे. बातमी सगळीकडे पोचलेलीच असते, तुमच्या पानावर यायचं ते तुम्ही उभे होतात तिथून काय दिसलं ते.

म्हणून पहिले दोन-तीन महिने फार मोलाचे. त्या काळात सगळं डोळ्यांत भरतं: लोक रांगेत किती अंतर ठेवून उभे राहतात, बसमधून उतरताना चालकाला काही म्हणतात का, अनोळखी माणसाकडे बघून हसतात की नजर चुकवतात, कचरा किती डब्यांत वेगळा करावा लागतो, संध्याकाळी रस्ते किती वाजता ओस पडतात. पुढे हे सगळं सवयीचं होतं आणि दिसेनासं होतं. नेमके हेच महिने घर शोधणं, कागदपत्रं, नवी नोकरी यांत जातात आणि बहुतेकांचं लिखाण इथेच थांबतं. तेव्हा या काळात पूर्ण पान लिहायचा हट्ट धरू नका. रोज दोन ओळी टिपा, आठवड्याच्या शेवटी त्यातल्या चांगल्या पाच-सहा जशाच्या तशा पाठवा. वाचक नाराज होत नाहीत. ती कच्ची टिपणं पुढे वर्षभर पुरतात.

कुठला देश निवडता यावर पानाचा रंगही ठरेल. स्टॉकहोमला डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. कामावर जाताना अंधार, येतानाही अंधार. तिथे हिवाळ्यात लिहायचं असेल तर दुपारच्या सुट्टीत बाहेर पडून उजेड पाहिलाच पाहिजे, नाहीतर चार महिन्यांची सगळी पानं एकाच करड्या सुरात येतात. दक्षिण गोलार्धात गेलात तर ऋतू उलटे होतील, तुमच्या जानेवारीत भर उन्हाळा. आठवडासुद्धा सगळीकडे सारखा नसतो. सौदी अरेबियात २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला. पान पाठवायचा वार जुन्या देशाच्या सोयीने ठेवू नका, नव्या आठवड्यात तुम्हाला खरोखर मोकळे दोन तास कधी मिळतात ते पाहून ठरवा. अमेरिका आणि युरोप वर्षातून दोनदा घड्याळं बदलतात आणि तेही वेगवेगळ्या रविवारी, त्यामुळे ‘संध्याकाळी आठला पाठवते’ असलं आश्वासन देऊ नका. वार सांगा, तेवढं पुरे.

मोकळ्या दोन तासांबद्दल इतकं बोलते आहे कारण प्रेरणेचा प्रश्न माझ्या मते तिथेच सुटतो. मूळ जमिनीपासून तुटलं की आतला झरा आटतो, असं फार लोक मानतात आणि उदाहरण देतात रॅख्मानिनॉव या रशियन संगीतकाराचं. त्याने डिसेंबर १९१७ मध्ये रशिया सोडला. त्याआधी त्याच्या रचनांचे ओपस क्रमांक (म्हणजे रचनांना ओळीने दिलेले क्रमांक) ३९ पर्यंत पोचले होते, नंतरच्या पंचवीस वर्षांत भर पडली फक्त सहांची. देश गमावल्याचं दुःख त्याला होतंच, त्याने ते बोलूनही दाखवलं. पण त्याचबरोबर हेही पाहा, की कुटुंब पोसण्यासाठी तो पियानोवादक म्हणून गावोगाव मैफली करत फिरत होता. लिहायला वेळच नव्हता. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी त्याने घर बांधलं, उन्हाळे तिथे काढू लागला, आणि १९३४ मध्ये पागानिनी या व्हायोलिनवादकाच्या धूनवरची ती विख्यात रचना त्याच घरात झाली; तिसरी सिंफनीही तिथलीच. दुसरीकडे पोलंडचा संगीतकार शोपँ. नोव्हेंबर १८३०मध्ये त्याने वॉर्सा सोडलं, काही आठवड्यांत तिकडे उठाव झाला, आणि तो पुन्हा कधीच परतला नाही. तरी पोलंडच्या लोकनृत्याच्या ठेक्यावरचे माझुर्का तो पॅरिसमध्ये शेवटपर्यंत लिहीत राहिला, आयुष्यभरात एकूण पन्नासहून जास्त. देश दोघांनीही गमावला. म्हणून तुटलेपणाला दोष देण्याआधी मी माणसाला बसायला जागा आणि वेळ आहे का ते पाहते. नवं घर घेताना एक टेबल खिडकीपाशी राहील का एवढं जरूर बघा, भले ते घर स्टेशनापासून थोडं लांब असेल.

आणि उभारीच्या रकान्यात उसने सुविचार भरू नका. थकलेल्या आठवड्यात तो रकाना रिकामा सोडावा. परदेशातल्या माणसाने दर आठवड्याला आनंदी दिसलंच पाहिजे असं एक दडपण असतं, त्यामुळे पान खोटं होतं आणि ते वाचून पुढच्या निघणाऱ्यांची फसवणूक होते. ‘या आठवड्यात काही सुचलं नाही, झोप खूप आली’ हेही लिहिण्यासारखं आहे.

गाण्यांबद्दल तुम्ही कमी विचारलंत, पण मला तिथे जास्त सांगायचंय. तारुण्यात ऐकलेलं संगीत माणसाच्या आठवणीत सगळ्यात घट्ट बसतं, हे मानसशास्त्रातल्या अभ्यासांत वारंवार दिसून आलंय. परदेशात गेल्यावर ही ओढ दुप्पट होते आणि गाण्याचा रकाना हळूहळू कॉलेजच्या दिवसांत जाऊन बसतो. त्यात वाईट काही नाही, पण मग नवं काही कानावर पडतच नाही. मी एक आठवडा जुनं गाणं देते आणि एक आठवडा असं काही, जे मी इथे प्रत्यक्ष, समोर बसून ऐकलं. प्रत्यक्ष ऐकण्याची अट मुद्दाम आहे, कारण त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं. चर्च, विद्यापीठं, सार्वजनिक ग्रंथालयं, बागा अशा ठिकाणी फुकट किंवा नाममात्र तिकिटाचे कार्यक्रम बहुतेक शहरांत असतात. आवाज बरा असेल तर हौशी गायकवृंदात नाव घाला. भाषा अडखळत असली तरी सूर लागतो, आणि आठवड्यातून एकदा तीच माणसं भेटत राहिली की त्यांतूनच मैत्री होते.

ड्वोरझाक या चेक संगीतकाराचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १८९२ मध्ये तो न्यूयॉर्कला संगीतशाळेचा संचालक म्हणून आला. तिथला विद्यार्थी हॅरी बर्ली त्याला कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं गाऊन दाखवायचा आणि हा कान देऊन ऐकायचा. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली. पण त्याच वर्षीचा उन्हाळा त्याने आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीत, आपली भाषा बोलणाऱ्यांत काढला आणि तिथेही भराभर लिहिलं. मला यात दोन्ही दिसतं. नव्याचं मन लावून ऐकणं, आणि अधूनमधून आपल्या माणसांत जाऊन बसणं. दोन्हींसाठी वेळ राखा.

सामानाचं थोडक्यात सांगते. संगीताच्या ॲपचं खातं देशाशी बांधलेलं असतं आणि गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे, त्यामुळे तुमच्या यादीतली काही गाणी तिकडे अचानक करडी होऊन बसतील, वाजणारच नाहीत. जी गमवायची नाहीत ती विकत घेऊन फाइलींच्या रूपात डिस्कवर ठेवा. लाकडी वाद्य नेणार असाल तर ते कुठल्या लाकडाचं आहे ते आधी शोधा. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिली शिसवाला नाही, आणि हस्तिदंत असेल तर कागदपत्रांशिवाय विमानतळावर जाऊच नका. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवल्याने हवा कोरडी होऊन लाकूड तडकतं, खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट असं छापलेलं आहे का पाहा. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, जपानमध्ये १००. आणि भाडेकरारातले शांततेचे तास आधी वाचा, जर्मनीत साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६.

आता बातम्या. जागेपणीचे तुमचे तास आणि मागच्या देशाचे तास जुळत नाहीत, त्यामुळे तिकडच्या बातम्या तुमच्याकडे रात्री अंथरुणात येतात, त्याही गटांवरून पुढे ढकललेल्या चित्रफितींच्या रूपात. दूर असताना काळजी जास्त वाटते, कारण हातात काहीच नसतं. मी मायदेशच्या बातम्या दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी आणि वाचूनच घेते, बघत नाही. तिकडे काही भयंकर घडलं तर आधी फोन, मग झोप, आणि लिहिणं दुसऱ्या दिवशी. त्या रात्री लिहिलेल्या मजकुरात निम्म्या अफवा असतात.

उरलेली नजर नव्या जागेच्या बातम्यांकडे वळवा, तीही राजधानीच्या नव्हे, तुमच्या शहराच्या. भाडं का वाढतंय, कुठली बस बंद होतेय, शाळांत जागा का नाहीत. ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, बऱ्याच ठिकाणी त्यावर वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात. ‘हा आपला देश नाही, आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य स्थलांतरितांत फार ऐकू येतं, आणि ते मला अजिबात पटत नाही. कर तुम्ही भरणार, दवाखान्याच्या रांगेत तुम्हीच उभे राहणार. काही ठिकाणी तर मतही देता येतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक संसदेच्या निवडणुकीतही मतदान करू शकतात. न्यूझीलंडमध्ये निवासाचा परवाना असेल आणि वर्षभर तिथे राहिलेले असाल तर नागरिक नसतानाही मत देता येतं.

राजकारणावर लिहिताना व्हिसाचं भान हवंच. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावं द्यावी लागतात. घाबरून गप्प बसा असं मी म्हणत नाही, पण सांगोवांगी आणि रागाच्या भरात लिहू नका, आणि जिथे जाणार तिथले कायदे आधी वाचा. काही देशांत सरकारवर किंवा राजघराण्यावर टीका हा गुन्हा आहे, हे देश निवडतानाच विचारात घ्या.

पैशांचंही बघा. पानासाठी वर्गणी घेत असाल किंवा घ्यायचा विचार असेल, तर ते ‘स्वयंरोजगार’ धरलं जाऊ शकतं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनाही परवानगीशिवाय तो करता येत नाही. नोकरीच्या व्हिसावरही बऱ्याचदा ठरलेल्या मालकाकडेच काम करता येतं. जाण्याआधी वर्गणी थांबवा आणि तिकडच्या व्हिसाच्या जाणकाराला लेखी विचारा. जुना फोन नंबर बंद करण्याआधी ईमेल आणि बाकी खात्यांचं पडताळणीचं साधन बदलून घ्या, नाहीतर नव्या देशात पोचल्यावर आपल्याच खात्यात शिरता येत नाही आणि सगळ्या वाचकांचे पत्ते आत अडकून राहतात. त्या पत्त्यांची एक प्रत निघण्याच्या आदल्या आठवड्यात वेगळी काढून ठेवा.