हुमणीच्या डब्यातून निघालेली माशी परजीवीच आहे का?

प्रश्न: हुमणीच्या अळ्यांपासून कोणते भुंगेरे निघतात ते बघायला अळ्या मातीसकट डब्यात ठेवल्या होत्या. काही अळ्या मेल्या आणि डब्यात तपकिरी कोष आणि राखाडी, केसाळ माश्या दिसल्या. अळ्या या माश्यांनीच मारल्या का? माशी ओळखायची कशी?

उत्तर: माशीकडे वळण्याआधी डब्याकडे बघा. अळी जिवंत असल्यापासून तोंड दाट विणीच्या कापडाने घट्ट बांधलेले होते का? झाकण सैल असेल, तर मेलेल्या अळीच्या वासाने बाहेरच्या माश्या आत शिरून अंडी घालतात. यात फोरिड माश्या फार फसवतात. इवलीशी माशी, पाठीला कुबड, आणि उडण्याऐवजी झटके देत तुरुतुरु पळते. अशी माशी असेल तर ती बहुधा सडके खायला आलेली असते, मारेकरी नव्हे.

तुम्ही सांगितलेली राखाडी, केसाळ माशी मात्र टॅचिनिड कुळातली असू शकते. या कुळातल्या माश्यांची पिल्ले दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात आणि त्यांना मारतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि माशी कुशीवरून बघा. पाठीच्या मागच्या टोकाला स्क्युटेलम नावाचा छोटा उंचवटा असतो. टॅचिनिड माशीत त्याच्या बरोबर खाली दुसरा गुबगुबीत फुगवटा स्पष्ट दिसतो. मेलेल्या किड्यांवरही वाढणाऱ्या मांसमाशीत तो नसतो. तिच्या पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडे असतात. पट्टे काही टॅचिनिड माश्यांनाही असतात, म्हणून रंगावर जाऊ नका, फुगवटा बघा. पोटावरचे राठ, उभे केस हीसुद्धा टॅचिनिडची खूण, पण दुय्यम.

हुमणीवर येणाऱ्या टॅचिनिड माश्यांपैकी बऱ्याच डेक्सिनी गटातल्या, लांब पायांच्या असतात. मादी हुमणीला शिवतही नाही. ती मातीवर पिल्ले सोडते आणि ती पिल्लेच जमिनीत शिरून हुमणी शोधतात. म्हणून शेतात हा परजीवी नजरेस पडत नाही, डब्यातच सापडतो.

मातीतून काटेरी, उघडा कोष अर्धा वर आलेला असेल आणि त्यावर पाय-पंखांचे ठसे दिसत असतील, तर माशी वेगळी: रॉबर माशी (दुसरे किडे पकडून खाणारी) किंवा बॉम्बिलिड (मधमाशीसारखी दिसणारी केसाळ माशी). टॅचिनिडचा कोष गुळगुळीत, बंद कुपीसारखा असतो आणि माशी त्याचे टोपण उडवून बाहेर पडते. टोपण जागच्या जागी आणि कुपीला कुरतडलेले बारीक गोल भोक असेल, तर आतून माशी नव्हे, माशीवरच जगणारी गांधीलवर्गीय चिमुकली कीड निघाली आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे: रिकामा कोष फेकू नका! त्याच्या मागच्या टोकावरच्या दोन श्वासरंध्रांच्या फटींच्या आकारावरून प्रजात ठरवायला मोठी मदत होते. मेलेल्या हुमणीचे कातडे आणि डोकेही ठेवा. शेवटच्या खंडाच्या पोटाकडच्या केसांच्या रचनेवरून हुमणी कोणती ते कळते, आणि यजमान, म्हणजे माशी जिच्या अंगात वाढली ती अळी, कोण हे कळल्याशिवाय माशीचे नाव अर्धवटच राहते. नुकती निघालेली माशी फिकी आणि मऊ असते. एक दिवस तशीच ठेवा, पंख वाळून रंग भरला की मगच मारा. एक-दोन माश्या टाचणीवर कोरड्या आणि एक ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. प्रत्येकीसोबत अळी गोळा केल्याची, कोष झाल्याची आणि माशी निघाल्याची तारीख लिहा.

नाव कळण्याचे महत्त्व मोठे आहे. कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक म्यूर यांनी १९१० मध्ये न्यू गिनीतून हवाई बेटांवर लिक्सोफॅगा स्फेनोफोरी ही टॅचिनिड माशी नेली, ती उसातल्या सोंड्या भुंग्याच्या अळीवर. कोणती माशी कोणत्या अळीवर, हे आधी नक्की कळले म्हणूनच ते करता आले.

पुढच्या वेळी अळ्या एकेकट्या ठेवा. एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना चावतात आणि मेलेली अळी कशाने मेली तेच कळत नाही. किती अळ्या ठेवल्या आणि किती अळ्यांतून माश्या आल्या, दोन्ही आकडे लिहा. एका डब्यातल्या माश्यांवरून शेतातली हुमणी आटोक्यात आली असे धरू नका. आणि माश्या निघत असतील तेवढ्या पट्ट्यात, हुमणीची संख्या मोजल्याशिवाय कीटकनाशकाची आळवणी (मुळाशी औषध ओतणे) करू नका.