जत्रेचा आदेश बारमाही नसतो

प्रश्न : गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात देवस्थान आणि प्राथमिक शाळा एकाच वळणावर आहेत. तीन वर्षांपूर्वी ग्रामसभेने तिथे ताशी २० किलोमीटरची वेगमर्यादा आणि रस्त्याच्या एका बाजूला पार्किंगबंदी असा ठराव एकमताने घेतला. ठरावाची प्रत साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) अभियंत्याला आणि मंत्र्यांच्या पीएला हातोहात दिली. पुढे काही झालं नाही म्हणून आमच्या युवक मंडळाने वर्गणी काढून फलक लावले, गतिरोधक घातला आणि शाळेसमोर सिमेंटच्या कुंड्या मांडल्या. रेंट-अ-कारवाले आणि रविवारच्या पर्यटक बसेस कशालाच जुमानत नाहीत. पोलीस म्हणतात, अधिसूचना दाखवा. जत्रेच्या वेळचा आदेश दाखवला तर तो चालत नाही म्हणतात. जनहित याचिका करावी का? शिवाय याच वळणावर गाडी लावली म्हणून माझ्या मुलाला ५०० रुपयांचा तालांव (दंडाची पावती) मिळाला आहे. फलक बेकायदेशीर ठरले तर तो रद्द होईल का?

उत्तर : अशी पत्रं पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून येतात, गावाचं नाव तेवढं बदलतं. वेगाचे धोके आणि शाळकरी मुलांची काळजी यावर मी लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमचं सगळं प्रकरण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमावर अडलेलं आहे. तीन वर्षांत ते कोणी उघडून पाहिलेलं दिसत नाही.

हे पोटकलम सांगतं की सार्वजनिक सुरक्षेसाठी, सोयीसाठी किंवा रस्त्याच्या वा पुलाच्या स्वरूपामुळे वेग कमी करणं आवश्यक आहे अशी खात्री झाली, तर राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी फलक उभारून, वेगमर्यादा ठरवू शकतो. अधिसूचना आणि फलक, दोन्ही लागतात. गोव्यात हे काम जिल्हा दंडाधिकारी करतात. पंचायत नाही, साबांखाचा अभियंता नाही, आणि मंत्र्यांचा पीए तर नाहीच नाही. ग्रामसभेचा ठराव एकमताचा असो की गोंधळातला, त्याने वेगमर्यादा लागू होत नाही.

याच पोटकलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, आहे आणि तुम्ही त्यातच सापडला आहात. निर्बंध एका महिन्याहून जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नाही, असं ते परंतुक सांगतं. वाहतुकीच्या निर्बंधांबद्दलच्या कलम ११५ मध्येही जवळपास तशीच सूट आहे, तिथे फक्त स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. जत्रा, शिगमो, मिरवणुका यांच्यासाठी आदेश निघतात ते या सवलतीच्या आधारे. तुम्ही पाठवलेली जत्रेच्या आदेशाची प्रत मी नीट वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीत आदेश कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते स्वच्छ लिहिलंय. प्रत लॅमिनेट करून मंडळाच्या कार्यालयात लावण्याआधी ती ओळ कोणीतरी वाचायला हवी होती. जत्रा संपली त्या दिवशी तो आदेशही संपला. पोलिसांनी तो मानला नाही यात त्यांची काही चूक नाही.

मग आज तुमच्या वळणावर कायद्याने कोणती मर्यादा आहे? केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत वेगवेगळ्या वाहनांसाठी कमाल वेग ठरवले. महामार्ग सोडून इतर रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटर. त्या अधिसूचनेवर पुढे मद्रास उच्च न्यायालयात वाद झाला, त्यात इथे शिरत नाही. तुमच्यापुरता मुद्दा असा की केंद्राने ठरवलेला वेग देशभरासाठी असतो, त्याला तुमची शाळा दिसत नाही. गावातला वेग त्याहून खाली आणायचा तर स्थानिक अधिसूचनाच हवी.

आता तुमच्या फलकांविषयी. फोटोत पिवळी चौकोनी पाटी दिसते. वर मंडळाचं नाव, मध्ये "२०", खाली शीतपेयांच्या एका विक्रेत्याची जाहिरात. वेगमर्यादेचं अधिकृत चिन्ह गोल, लाल कडेचं, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या आकड्यांचं असतं. कलम ११६ सांगतं की चिन्हांचा आकार, रंग आणि प्रकार कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे असावा, आणि त्या कलमात सांगितलेल्या पद्धतीशिवाय रस्त्यावर किंवा रस्त्यालगत कोणीही वाहतूक चिन्ह उभारू नये. म्हणजे तुमच्या पाटीला कायद्याचा आधार नाहीच, उलट तीच काढायला लावण्याला आधार आहे. नियम मोडणाऱ्यांविरुद्ध तक्रार घेऊन जाताना हे आधी लक्षात घ्या.

पार्किंगचं कलम वेगळं, ११७. वाहनं कुठे आणि किती वेळ उभी राहू शकतात हे सरकारने अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो, पण स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. इथे तुमच्या ठरावाला वजन आहे, कारण पंचायतीचं म्हणणं कायद्यालाच हवं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली. अशा जागा ठरवताना रस्ता वापरणाऱ्यांची सुरक्षा आणि वाहतुकीचा सुरळीत प्रवाह यांना प्राधान्य द्यायचं. तुमच्या अर्जात हे वाक्य ठळक यायला हवं. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा भाग असेल तर महामार्ग प्राधिकरणही यात येऊ शकतं. तुमच्या वर्णनावरून तो तसा वाटत नाही, तरी अर्ज करण्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते साबांखाकडून लेखी घ्या.

पहिलं काम मात्र अर्जाचं नाही, शोधाचं आहे. कदाचित अधिसूचना कधीच निघालेली असेल आणि फलक तेवढा लागला नसेल. असं होतं. अधिसूचना राजपत्रात छापून येते, फलक कोणी आणि कोणत्या पैशांतून लावायचा यावर दोन खाती पत्रं लिहीत बसतात, तेवढ्यात अधिकाऱ्याची बदली होते आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. गोवा सरकारचं राजपत्र दर गुरुवारी निघतं, अंक ऑनलाइनही मिळतात. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अशा अधिसूचना राजपत्राच्या दुसऱ्या मालिकेत (Series II) शोधा. एक खाचही ध्यानात ठेवा. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. त्याआधीची अधिसूचना उत्तर गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाखाली असेल. मडगावात, दक्षिण गोव्याच्या कार्यालयात, "आमच्याकडे काही नाही" असं उत्तर मिळालं म्हणून ती नाहीच असं समजू नका.

राजपत्र चाळण्याचा कंटाळा असेल तर माहिती अधिकार कायद्याखाली दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांकडे अर्ज करा. अमुक गावातल्या अमुक रस्त्यासाठी कलम ११२, ११५, ११६ आणि ११७ खाली निघालेल्या अधिसूचनांच्या प्रती आणि प्रलंबित प्रस्तावाच्या टिपण्या मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास पहिलं अपील.

अधिसूचना सापडली तर काम निम्म्यावर आलं. मग फक्त फलकासाठी साबांखा आणि वाहतूक पोलिसांना लिहायचं. सापडली नाही तर दक्षिण गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यायचा, आणि हा प्रस्ताव कसा लिहिता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तुमच्या ठरावात शब्द आहेत : "देवळाजवळ व शाळेजवळ वाहने सावकाश चालवावीत व एका बाजूस पार्क करू नयेत." जवळ म्हणजे कुठून कुठे? कोणती बाजू? देवळाकडे तोंड केलं की डावी, पाठ केली की उजवी. असा मजकूर राजपत्रात गेला तरी पहिल्याच तालांवाला कोणीही वकील तो पाडेल. पाहणीला येणाऱ्या अभियंत्याला लिहिता येईल असं द्या : देवस्थानच्या कमानीपासून मोरीपर्यंत इतके मीटर, फोंड्याहून येताना डाव्या हाताची बाजू, कोणत्या प्रकारची वाहनं, बंदी दिवसभर की शाळेच्या वेळेत. सोबत हाताने काढलेला का होईना, नकाशा. वळणावर रस्त्याची रुंदी मोजून लिहा. मुलं शाळेत येण्या-जाण्याच्या वेळा मुख्याध्यापकांच्या पत्रावर घ्या. गेल्या काही वर्षांत तिथे झालेल्या अपघातांची पोलीस ठाण्यातली नोंद मागा. कलमात "खात्री झाल्यास" असे शब्द आहेत आणि अधिकाऱ्याची खात्री फाईलमधल्या कागदांवरून होते, गावकऱ्यांच्या संतापावरून नाही. आकडा २० च हवा असा हट्ट धरू नका. संयुक्त पाहणीत ३० निघाला तरी अधिसूचित ३० तुमच्या रंगवलेल्या २० पेक्षा उपयोगाचा. पार्किंगबंदी सुचवताना बसेस कुठे उभ्या राहतील तेही सुचवा, नाहीतर देवस्थान समितीच पहिली हरकत घेईल. ग्रामसभेत नवा, नेमका ठराव घ्या आणि पंचायतीच्या सचिवांकडून अधिकृत पत्राने पाठवा. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि एक वाहतूक पोलिसांना.

आणि आवक क्रमांक घ्या. तीन वर्षांपूर्वी हातोहात दिलेल्या कागदाची पोच तुमच्याकडे नाही, म्हणजे कायद्याच्या हिशेबात तुम्ही काही दिलेलंच नाही. हे लिहिताना मला राग येतो, कारण पोच मागायला एक मिनिट पुरतं आणि ती नसल्यामुळे तीन वर्षं गेली.

जनहित याचिकेचं उत्तर यातच आलं. पर्वरीला उच्च न्यायालय पहिल्या दिवशी विचारेल की सक्षम अधिकाऱ्याकडे मागणी केली होती का, केव्हा, आणि त्यांनी काय केलं. तुम्ही काय सांगणार? न्यायालय स्वतः वेगमर्यादा ठरवत बसणार नाही. बहुतेक असा आदेश होईल की जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी याचिकाकर्त्याच्या निवेदनावर अमुक आठवड्यांत निर्णय घ्यावा. त्यासाठी निवेदन तर हवं. पोच घेतलेल्या अर्जावर काही महिने हालचाल झाली नाही तर याचिकेला अर्थ आहे, आणि ती तेव्हा लवकर उभी राहील. लवकर म्हणजे न्यायालयाच्या मानाने.

दरम्यान पोलिसांचे हात पूर्ण बांधलेले नाहीत. लोकांना धोका होईल अशा वेगाने किंवा पद्धतीने गाडी चालवणं हा कलम १८४ खाली गुन्हा आहे, त्याला स्थानिक अधिसूचना लागत नाही. मात्र "काळ्या पाटीची (रेंट-अ-कारची) गाडी ऐंशीने गेली" हे तुमचं म्हणणं वेगाच्या गुन्ह्यात एकट्याने टिकणार नाही. कलम १८३ सांगतं की एका साक्षीदाराच्या अंदाजावर दोषी ठरवता येत नाही, त्या अंदाजाला यंत्राच्या मोजणीचा आधार हवा. म्हणून शाळेच्या वेळेत स्पीडगन लावण्याची लेखी मागणी करा. मोबाइलवरचे व्हिडिओ १८४ साठी कामी येऊ शकतात, पण वाहनाचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसत असेल तरच.

कुंड्या आणि गतिरोधक यांच्याबद्दल माझं मत कडक आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचा हेतू चांगला होता हे तिथे फारसं ऐकून घेतलं जाणार नाही. गतिरोधकाचं प्रकरण अधिक गंभीर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाई दिलेला असतो, म्हणजे गाडी ताशी सुमारे २५ किलोमीटरने सुखरूप जाते. फोटोतला तुमचा गतिरोधक हातभर रुंद, उभ्या कडांचा, ना पांढरे पट्टे ना आधी सूचना देणारी पाटी. पावसाळ्यात रात्री एखादा दुचाकीवाला त्यावरून पडला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावं येऊ शकतात. तुम्ही सचिव आहात. कुंड्या या आठवड्यात हलवा, आणि गतिरोधक काढून तिथे नियमाप्रमाणे घालावा असं पत्र साबांखाला द्या. काढतानाही त्यांना कळवूनच.

राहिला चिरंजीवांचा तालांव. जो युक्तिवाद तुम्हाला रेंट-अ-कारवाल्यांच्या तोंडी खपत नाही तोच मुलासाठी हवा आहे, हे असो. फक्त मंडळाच्या पाटीवर विसंबून तालांव दिला असता तर तक्रारीला जागा होती. पण पत्रातच तुम्ही लिहिलंय की गाडी वळणावर, शाळेच्या फाटकासमोर उभी होती. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांप्रमाणे वळणाशी आणि शाळा, इस्पितळ यांच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला मुळातच मनाई आहे. तिथे पाटी असो वा नसो, अधिसूचना असो वा नसो. पैसे भरून टाका, आणि पावतीची एक प्रत प्रस्तावाला जोडा. त्या वळणावर पार्किंगमुळे अडचण होते याची ती पोलिसांनीच केलेली नोंद आहे.