आधी गोठा रिकामा करा

"ताई, मी नांदेडला नोकरी करतो. जुन्या गाड्या खोलून, दुरुस्त करून पहिल्यासारख्या उभ्या करायचा मला नाद आहे. सध्या चार गाड्या हाताशी आहेत. वडिलांची प्रीमियर पद्मिनी पोर्चमध्ये खोललेली आहे. तिच्या सुट्या भागांसाठी घेतलेली दुसरी पद्मिनी घराशेजारच्या बोळात ताडपत्रीखाली आहे. महिंद्राची जुनी जीप आणि एक अ‍ॅम्बेसेडर गावाकडं, कंधार तालुक्यात, आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यात ठेवलीय. अ‍ॅम्बेसेडर फार स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. तिचा क्रोमचा बंपर अस्सल आहे, त्याला ग्रीस लावून वर जुन्या लुगड्याचे वेढे दिलेत. बैल सध्या कडुलिंबाखाली बांधतात, तसाही उन्हाळाच आहे. मोठे भाऊ, अण्णा, काही म्हणत नाहीत. बायको मात्र रोज बोलते, कारण वापरातली कार रस्त्यावर लावावी लागते आणि सोफ्यामागं गाडीचे दरवाजे उभे केलेत. मिरगाच्या आधी आखाड्यावर मोठं शेड मारावं, घराच्या गच्चीवर पत्रे टाकावेत, की शहरात गाळा भाड्यानं घ्यावा?"

भाऊ, बंपरवर तुम्ही किती जीव लावून लिहिलंय! ग्रीस, लुगडं, वेढे, सगळं. बैलांच्या वाट्याला मात्र अर्धं वाक्य आलं, तेही "तसाही उन्हाळाच आहे" म्हणून तुम्ही निकालात काढलं. पत्र वाचताना मी तिथंच थांबले. पुढचा शेडचा न् गाळ्याचा प्रश्न मी नंतर वाचला.

मे महिना चाललाय. आपल्याकडं मे महिन्यात दुपारपर्यंत ऊन भाजतं आणि तीन-चार वाजता एकाएकी आभाळ भरून येतं. वावटळ सुटते, पाऊस चार थेंब पडतो, पण विजा तासभर कडाडतात. रानात एकटं उभं असलेलं लिंबाचं झाड हे त्या वेळी सगळ्यात वाईट ठिकाण. मराठवाड्यात असा उन्हाळा जात नाही की झाडाखाली बांधलेली जनावरं वीज पडून दगावल्याची बातमी येत नाही. ती बातमी तुम्हीही वाचली असणार. वीज थेट जनावराच्या अंगावरच पडावी लागते असं नाही. ती झाडावर पडते, बुंध्यातून जमिनीत उतरते आणि ओल्या मातीतून चहूकडं पसरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो आणि वाटेत काळीज लागतं. माणूस निदान पळतो तरी. बैलाच्या गळ्यात दावं असतं आणि ते दावं त्याच झाडाला बांधलेलं असतं.

गोठ्यात नेलं म्हणजे धोका संपला असं मी म्हणत नाही. पण एकट्या झाडाखालून जनावर निघालं पाहिजे, आणि ते निघत नाही, कारण त्याच्या जागेवर अ‍ॅम्बेसेडर उभी आहे. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

अण्णांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी "इथं नाही" म्हणून गाडी परत पाठवायला हवी होती. धाकट्या भावाचं मन मोडायचं नाही म्हणून मुक्या जनावराला उघड्यावर काढायचं, यात मला मोठेपणा दिसत नाही. तुमच्या बायकोची तक्रारही तुम्ही दोघं मिटवा. कार रस्त्यावर राहिल्यानं कुणाचा जीव जात नाही.

गाड्यांवर तुमचं खरंच प्रेम असेल तर हेही ऐका. गोठा गाडीलाही मानवत नाही. शेणामुतातून अमोनिया सुटतो आणि तो तांब्या-पितळेला खातो. तुमच्या गाड्यांचे जुने रेडिएटर तांब्या-पितळेचेच आहेत, वायरिंगची टोकंही तशीच. गाड्या ठेवल्या तेव्हा गोठा काय धुऊन घेतला होता? जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं तसंच असतं. शेजारी कडबा असेल तर उंदीर आलेच. ते आधी सीटमध्ये घर करतात, मग वायरी कुरतडतात. बोळातल्या पद्मिनीवर ताडपत्री थेट टेकलेली असेल, तर तिच्याखाली दमट हवा कोंडून पत्रा आतून गंजतोय. वरून झाकलेलं दिसतं, म्हणून तुम्हाला ते कळत नाही.

आता जागा. ती तुमच्याकडं आहे. दुसरी पद्मिनी सुट्या भागांसाठी घेतलीत ना? मग सुटे भाग काढा. ती गाडी साधारण तेरा फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद जागा अडवून बसलीय, आणि तिच्यातलं तुमच्या कामाचं जे आहे ते लोखंडी मांडणीच्या चार कप्प्यांत मावेल. काचा, दिव्यांची कडी, गिअरबॉक्स, दारांची कुलपं, डॅशबोर्ड काढून घ्या, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा आणि सांगाडा भंगारात द्या. देताना आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर कागदावर ती तुमच्याच नावावर फिरत राहील. मोकळ्या झालेल्या जागेत जीप येते. ती पद्मिनीपेक्षा आखूड आहे.

अ‍ॅम्बेसेडर विका. ती तुम्ही आवडली म्हणून घेतली नाही, स्वस्त होती म्हणून घेतली, असं तुम्हीच लिहिलंय. 2014 पर्यंत ती गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत होती. पुढं कधी मन झालं तर दुसरी मिळेल. वडिलांची पद्मिनी खोललेली पडलीय. तिला पुन्हा उभी करायला दोन हात आणि सुट्टीचे दिवस लागतात, ते चार गाड्यांत वाटून कसं भागेल?

गाळा घेऊ नका, तो रिकामा दिसला की पाचवी गाडी येईल. आखाड्यावर शेडही नको, ती शेतीची जागा आहे. गच्चीवर पत्र्याखाली दरवाजे, बॉनेट चालतील, पण रबराच्या पट्ट्या आणि सीट नकोत. नांदेडच्या उन्हात रबर तडकतं. इंजिन तर अजिबात वर चढवू नका.

या रविवारी हे करायचं. शनिवारीच दोन्ही गाड्यांच्या चाकांत हवा भरून घ्या, हँडब्रेक सुटतो का बघा, चाक जाम असेल तर मिस्त्रीला सोबत न्या. ब्रेक नसलेली गाडी टोचन करून कंधारच्या रस्त्यानं आणू नका, क्रेनवाल्या टेम्पोवर चढवा. जीप बोळात. अ‍ॅम्बेसेडरला गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती तुमच्या दारात, रस्त्याच्या कडेला राहू द्या आणि रोज तिच्याकडं बघा, म्हणजे विकायला उशीर होणार नाही. गोठ्यात सांडलेलं ऑईल खरवडून काढा, खिळे-पाने वेचा, नवा मुरूम टाका, मगच बैल आत घ्या.

आज रात्री अण्णांना फोन करा. "रविवारी गाड्या नेतो, तोवर आभाळ भरून आलं की बैल लिंबाखालून सोडा," एवढंच सांगा. ते म्हणतील, "राहू दे रे, कुठं नेतोस आता." ऐकू नका.