पिचलेलं खरेदीखत आणि कलम ९२

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: आजोबांच्या १९५१ च्या नोंदणीकृत खरेदीखताचा कागद तपकिरी पडून घड्यांवर तुटायला लागला, म्हणून त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. आता भावकीने दावा लावलाय. मुद्रांकाचा कागद सरकारी होता, मग आम्लमुक्त (आतल्या आम्लाने पिचत न जाणारा) कागद वापरणं सरकारवर बंधनकारक नव्हतं का? भरपाई मिळेल का? झेरॉक्स चालेल का?

भरपाई विसरा. टिकाऊ कागदाचं आयएसओ ९७०६ हे मानक १९९४ चं आहे, अमेरिकेने कायमच्या नोंदींसाठी तसं धोरण ठरवलं ते १९९० साली. ही मोजमापं १९५१ च्या मुद्रांकाला लावता येणार नाहीत. आपल्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात, कलम १६ मध्ये, सरकारने कचेरीला वह्या आणि अग्निरोधक पेटी पुरवावी एवढं आहे. आगीची काळजी घेतली, कागदाच्या पोटातल्या आम्लाचा विचार केला नाही.

तुमचं सगळं अडलंय ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ या नव्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ वर (दावा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर बहुधा जुन्या पुरावा कायद्याचं कलम ९०). तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून (म्हणजे ज्याच्याकडे तो असणं साहजिक आहे त्याच्याकडून) आला, तर सह्या आणि साक्षांकन रीतसर झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. १९५१ चे साक्षीदार आज कुठून आणणार? पण हा फायदा मूळ दस्ताला आहे, झेरॉक्सला नाही. आणि तुम्ही त्याच मुळावर गरम प्लॅस्टिक चढवलंत! आम्ल आतच राहिलं, कागद पिचतच राहणार. आता निदान ते सोलायला जाऊ नका. आहे तसं, तुकड्यांसकट हजर करा.

जो मजकूर गेलाय त्यासाठी सब-रजिस्ट्रार कचेरीतून पुस्तक क्रमांक १ मधली (स्थावर मिळकतीचे दस्त ज्यात उतरवतात त्या वहीतली) प्रमाणित नक्कल घ्या. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ खाली ती मजकुराचा पुरावा म्हणून चालते. दस्त खरोखर करून दिला होता, हे मात्र एकट्या नकलेने सिद्ध होईलच असं नाही. दस्त मराठीत आणि न्यायालयाची भाषा दुसरी असल्यास भाषांतर लागेल, ते तुमच्या वकिलांना विचारा.

कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, दाखल झालीय की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. झाली असेल आणि दस्त सोबत जोडला नसेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो तुमच्या बाजूने पुराव्यात घेता येत नाही. त्या परवानगीचा अर्ज पुढच्या तारखेच्या आत द्या, नकलेची वाट पाहत बसू नका.